शेताचा न कापलेला कोपरा

नाताळ आला की गोठ्यातील बाळ, मेंढपाळ आणि तारा यांचे देखावे मांडले जातात व बेथलेहेम हे नाव कानी पडते. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा सांगतात. ख्रिस्तजन्माच्या कित्येक शतके आधी याच गावच्या शिवारात घडलेली रूथची कथा बायबलच्या जुन्या करारात आहे. धान्य आणि मजुरी यांची ही कथा कोणत्याही धर्मशील गृहस्थाला आपल्या घरची वाटावी.

दुष्काळामुळे बेथलेहेमचे एक कुटुंब मवाब या परमुलखात गेले. तेथे घरचा कर्ता पुरुष निवर्तला. पुढे दोन्ही विवाहित पुत्रही गेले. वृद्ध नामी स्वदेशी निघाली तेव्हा एक सून तिच्याच आग्रहावरून माहेरी परतली. दुसरी, रूथ, सासूला सोडीना. त्या दोन विधवा गावी पोहोचल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. रूथ सरवा वेचण्यास निघाली. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे म्हणजे सरवा. शहरवासी वाचकांना हा शब्द आता कदाचित अपरिचित असेल.

हा सरवा मालकाची मेहेरबानी नव्हती. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांतील नियमशास्त्राची तशी आज्ञाच होती. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेली पेंढी आणण्यास मागे फिरायचे नाही, द्राक्षे दुसऱ्यांदा खुडायची नाहीत. तो वाटा गोरगरीब, परदेशी, अनाथ व विधवा यांचा. सर्व धान्य कोठारात भरून मग उरेल त्यातून द्यावे, अशी आपणा बहुतेकांची रीत. येथे मात्र विळा लागण्यापूर्वीच कोपरा बाजूला राहतो. वैश्वदेव आणि गोग्रास काढल्यावाचून पानावर न बसणाऱ्या घरांना यातील मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

शेताचा धनी बवाज नियमाच्या एक पाऊल पुढे गेला. या परक्या स्त्रीला कोणी त्रास देऊ नये वा टाकून बोलू नये, अशी ताकीद त्याने गड्यांना दिली. शिवाय पेंढ्यांतली काही ताटे मुद्दाम ओढून तिच्या वाटेत टाकण्यास सांगितले. धान्य मापून तिच्या पदरात घालणे त्याला सहज शक्य होते. परंतु रूथने ते स्वतः वेचून, झोडून संध्याकाळी एफाभर सातू घरी नेले. ती आपल्या श्रमाचे घेऊन गेली. दान करताना आपण घेणाऱ्याची मान किती वाकवतो, हे क्वचितच पाहतो. संस्थेला देणगी देऊन फलकावर नाव कोरून घेणारे आणि संध्याकाळी भाजीवालीच्या उरल्या जुडीसाठी घासाघीस करणारे पुष्कळदा एकच असतात.

त्याच नियमशास्त्रात मजुराचे वेतन रात्रभर अडवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, असेही सांगितले आहे. कारण त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. 'सुटे नाहीत, उद्या ये' असे मोलकरणीला दारातून सांगताना आपले एक रात्रीचे काहीच अडत नाही. तिच्या घरी त्या रात्री चूल पेटायची असते.

ही कथा मूळ हिब्रूवरून सुबोध मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्या स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळपीडित मुलींना आसरा दिला. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी चालविले. रूथचे प्रकरण त्यांच्या लेखणीखाली आले तेव्हा सदनातल्या मुलींचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले नसतील, असे कसे म्हणावे?

पुढे बवाजने रूथशी विवाह केला. त्यांचा पुत्र ओबेद जन्मला तेव्हा गावच्या बायांनी नामीला सांगितले की, तुझी ही सून सात पुत्रांहून अधिक आहे. ओबेदचा नातू दावीद राजा झाला. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ दिली आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत ज्या मोजक्या स्त्रियांची नावे आहेत, त्यांत सरवा वेचणारी ही परदेशी रूथ आहे.