कॉम्प्युटर नवा झाला, बिल अडकले

मालेगावात शुक्रवारी यंत्रमागांना सुट्टी असते. पेढीतील किरकोळ दुरुस्त्या त्याच दिवशी उरकायच्या, हा आमचा जुना रिवाज. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यानंतरच्या एका शुक्रवारी आम्हीही दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतले. शनिवारी सकाळी पालीला रंगाईसाठी जाणाऱ्या ग्रे कापडाच्या गाठी टेम्पोत भरल्या गेल्या, ड्रायव्हर बिलासाठी दारात उभा राहिला आणि प्रिंटर मात्र गप्प!

मुनीमजी म्हणाले, “सेठ, मशीन ऐकत नाही.” मी त्यांनाच चार शब्द सुनावले. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, “मशीन जुनी झाली, नवी घ्या.” माल बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. ई-वे बिलासाठीही बिलाचा नंबर लागतो. अखेर कपाटातले हाताचे बिलबुक काढले, कार्बन घातला आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने बिल लिहून गाडी रवाना केली.

दुपारी शांतपणे तपासले तेव्हा कळले की मशीन ठणठणीत होती आणि मुनीमजींचा काडीचाही दोष नव्हता. नव्या मशीनचे हजारो रुपये वाचले. तोच अनुभव व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

आधी मशीन पारखा

आपल्याकडे आजही सुयांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर टिकून आहे, त्याला कारण आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: एक खरेदीदाराची, एक वाहतूकदाराची, एक आपली. रिबनवर सुई आपटून तिन्ही प्रती एकदम काढण्याचे काम लेझर मशीन करू शकत नाही.

या मशीनची परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढा, मशीन बंद करा आणि लाइन फीडचे बटन दाबून ठेवून पुन्हा चालू करा. बहुतेक डॉट मॅट्रिक्स मशीन आपोआप अक्षरांच्या ओळी छापू लागतात. अक्षरे नीट उमटली तर मशीन, रिबन आणि सुया शाबूत आहेत, बिघाड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे असे समजावे. ही परीक्षा झाल्याशिवाय नवी मशीन घेण्यासाठी खिशात हात घालू नये.

पोर्ट आणि अडकलेली रांग

आमची मशीन जुन्या जाड केबलची. ती कन्व्हर्टर लावून यूएसबीला जोडलेली आहे. विंडोज बदलल्यावर कॉम्प्युटरने तिला ‘यूएसबी ००२’ हे नवे दार दिले आणि बिले मात्र जुन्या ‘यूएसबी ००१’ कडेच जात राहिली. प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ या पानावर जाऊन योग्य दारापुढे खूण केली आणि मशीन चालू झाली.

चालू झाली ती अशी की एकच बिल अकरा वेळा छापले! सकाळी घाईत मुनीमजींनी अकरा वेळा हुकूम दिला होता. ते सगळे हुकूम रांगेत थांबले होते. छापील स्टेशनरी वाया गेलीच, शिवाय एकाच नंबरची जादा बिले टेबलावर पडली. अशी बिले चुकीच्या हातात गेली तर हिशोबाची आणि इज्जतीचीही तकलीफ. आम्ही ती सगळी ‘रद्द’ लिहून फाइलला लावली. त्या नंबराचा माल हाताच्या बिलावर गेला असल्याने कॉम्प्युटरमधले बिलही रद्द म्हणून नोंदवले.

म्हणून प्रिंट आली नाही तर पुन्हा पुन्हा बटन दाबू नये. आधी रांग रिकामी करावी. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. मग सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरच्या आतील फायली काढाव्यात. फोल्डर काढू नये. नंतर स्पूलर पुन्हा चालू करावा. नुसता कॉम्प्युटर बंद-चालू करून रांग जातेच असे नाही.

बिल दुसरीकडेच जाते?

विंडोजमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ अशी एक सोय आहे. ती चालू असेल तर आपण शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य धरला जातो. मुलाने आदल्या दिवशी पीडीएफ काढली की आज आपले बिलही तिकडेच जाते. ही सोय बंद करून आपला प्रिंटर स्वतः ठरवून द्यावा.

ड्रायव्हर आणि जुने प्रोग्राम

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. त्यामुळे जुन्या ३२ बिट विंडोजसाठी सीडीवर मिळालेला ड्रायव्हर येथे चालत नाही. मशीनच्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचे नाव घालून ६४ बिटचा ड्रायव्हर शोधावा. तो नसेल तर विंडोजमधील ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर लावावा. त्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे निघतात, पण दुकानाचे चिन्ह, मराठी किंवा उर्दू मजकूर निघत नाही.

ज्यांचे बिलिंग अजून डॉसच्या काळातील फॉक्सप्रो प्रोग्रामवर आहे त्यांनी विशेष सांभाळावे. ६४ बिट विंडोजवर ते प्रोग्राम थेट उघडतच नाहीत. तेथे दोष प्रिंटरचा नसतो. असा प्रोग्राम असेल तर बदल करण्यापूर्वीच त्याची दुसरी सोय लावावी.

कागदाचे माप

ही चूक सर्वांत लबाड, कारण मशीन चालते आणि बिल तरीही बिघडते. आमचा सलग कागद १० इंच रुंद व १२ इंच लांब आहे. नव्या ड्रायव्हरने मात्र ए-४ माप धरले, म्हणजे लांबी सुमारे ११.७ इंच. प्रत्येक बिलामागे सुमारे पाव इंचाहून थोडा जास्त फरक पडतो आणि दहाव्या बिलापर्यंत तो तीन इंचांवर जातो. मग दराचा आकडा कराच्या रकान्यात उतरतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधील ‘फॉर्म्स’मध्ये आपल्या कागदाचे माप नव्या नावाने नोंदवावे. मग तेच नाव प्रिंटरमध्ये आणि बिलिंगच्या प्रोग्राममध्ये निवडावे. त्यानंतर सलग पाच बिले कोऱ्या कागदावर काढून पाहावीत.

दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर

एक मशीन दोन कॉम्प्युटरांत वाटून घेणाऱ्यांना २०२१ च्या सप्टेंबरातील सुरक्षा-दुरुस्तीनंतर बराच त्रास झाला. पडद्यावर शेवटी ‘११बी’ असलेला आकडा येई आणि प्रिंट नाकारली जाई. सुरक्षा ढिली करणाऱ्या युक्त्या त्यावर सर्रास सांगितल्या जातात. त्यांच्या नादी लागू नये. दोन्ही कॉम्प्युटरांवर सर्व अपडेट घ्यावेत, एक नवा आणि एक अर्धवट जुना असे ठेवू नये.

बदल करण्यापूर्वी

प्रिंटरचे मॉडेल, पोर्ट आणि कागदाचे माप वहीत लिहून ठेवा. ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. हिशोबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. चालू विंडोज १० वरच विंडोज ११ चढवले असेल आणि जमले नाही, तर साधारणपणे १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून मागे जाता येते. त्या मुदतीत जुन्या फायली साफ करू नका. महिनाअखेरीस किंवा सणाच्या गर्दीत हे काम काढू नका. आणि हाताचे बिलबुक, त्याची नंबरांची वेगळी मालिका ठेवून, कपाटात असू द्या.

त्या शनिवारी संध्याकाळी मी मुनीमजींची माफी मागितली. ते हसून म्हणाले, “सेठ, तुमचे हस्ताक्षर अजून चांगले आहे.” मशीनचा बिघाड एका दुपारी निघतो. घाईत तोंडातून गेलेला शब्द मात्र कोणत्याही रांगेतून मागे घेता येत नाही. तेव्हा तपास आधी आणि राग नंतर.