बाके किती मांडावीत?

तिगाव-पांढुर्ण्याकडील लोकांना संत्री जितकी परिचित, तितकेच सौसर भागातले काळे, जड मँगनीज खनिजही. छिंदवाड्याकडील सीतापार येथे सापडलेल्या अशाच एका खनिजाला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सीतापाराइट’ हे नाव दिले. पुढे ते बिक्सबाइटच असल्याचे ठरले. बिक्सबाइटची स्फटिकरचना 1930 साली पाउलिंग आणि शॅपेल यांनी उलगडली.

असा स्फटिक वीज वाहील काय, त्यात चुंबकत्व कसे असेल, याचा अंदाज आज संगणकाच्या साहाय्याने बांधता येतो. परंतु गणितास आरंभ करण्यापूर्वी माणसालाच एक आकडा ठरवावा लागतो : ऊर्जापट्ट किती धरावयाचे?

ऊर्जापट्ट म्हणजे काय, हे वर्गातल्या बाकांवरून समजेल. स्फटिकाचा जो लहानात लहान घटक पुन:पुन्हा येतो, त्या प्रत्येक घटकामागे एका पट्टात दोनच इलेक्ट्रॉन बसतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. हा निर्बंध पाउली यांनी 1925 साली मांडलेल्या नियमातून येतो. पुढची बाके भरल्याखेरीज मागची भरत नाहीत.

आता हिशेब करू. बिक्सबाइटमधील लोहाचा अंश सोडून दिला, तर एका घटकात मँगनीजचे 16 आणि ऑक्सिजनचे 24 अणू असतात. बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन अनुक्रमे सात व सहा धरले की एकूण 256 होतात. मग 128 बाके पुरेत, असे वाटते.

घोटाळा येथेच आहे. मँगनीजच्या प्रत्येक अणूतील चार इलेक्ट्रॉन एकाच बाजूला बसू पाहतात. सोळाही अणूंनी तीच बाजू धरली, तर डावीकडे 160 आणि उजवीकडे 96 इलेक्ट्रॉन होतात. बाके 128च असतील, तर दोन्ही बाजू समसमान भरण्यावाचून गत्यंतर नाही. स्फटिकाचे एकूण चुंबकत्व शून्य, असे उत्तर येईल. पण तो निसर्गाचा निर्णय नव्हे, आपण जागाच ठेवली नाही म्हणून आलेला निकाल होय.

धातूंत निराळी अडचण असते. अ‍ॅल्युमिनियमच्या एका अणूमागे असे तीन इलेक्ट्रॉन. दीड बाक कसे मांडणार? शिवाय तेथे भरलेल्या व रिकाम्या जागांत अंतर नसते. म्हणून काही बाके अधिक हवीतच. प्रकाशशोषणाचा अभ्यास करावयाचा, तर इलेक्ट्रॉनला उडी मारण्यासाठी रिकामी बाके आणखी लागतात.

मग हजार बाके का मांडू नयेत? कारण पट्ट दुप्पट केले की त्यांना परस्परांशी ताडून पाहण्याचे काम चौपट होते.

यावर उपाय साधा आहे. आधी इलेक्ट्रॉन मोजावेत, चुंबकत्वाचा विचार करावा, काही जागा शिल्लक ठेवाव्यात. शेवटचे बाक रिकामे राहिले की नाही, हे पाहावे. मग आकडा वाढवून गणित पुन्हा करावे. उत्तर बदलले नाही, तरच ते स्फटिकाचे उत्तर मानावे. बदलले, तर ते आपल्या बाकांचे होते असे समजावे.