पंडिताचा कौल, मागवाल्याचा कौल

‘माझ्या मुठीत कवड्या किती?’ समोरचा अंदाजाने ‘पाच’ म्हणतो. मूठ उघडली, तर खरंच पाच! मग त्याला ते ‘माहीत होतं’ म्हणायचं का? बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात हा पेच टाकला. असेच पेच एडमंड गेटिअरने १९६३ साली तीन पानांच्या निबंधात मांडले आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा ढवळून काढली.

अशा पेचात तत्त्वज्ञ मनाने दिलेल्या पहिल्या कौलाचा आधार घेतात: ‘छे, हे ज्ञान नव्हे.’ पण वर्षानुवर्षं ग्रंथांत मुरलेल्या माणसाचा हा कौल सामान्य माणसापेक्षा भरवशाचा असतो का? या प्रश्नाने मला फार वर्षं धरून ठेवलं आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी विणणाऱ्या मामांना मी कवड्यांचा पेच घातला. माग थांबवून ते म्हणाले, “मटका लागला म्हणून आकडा माहीत होता म्हणायचं व्हय?” श्रीहर्षाचा निवाडा त्यांनी एका वाक्यात दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, ब्राझील, भारत आणि जपानमधल्या सामान्य लोकांना गेटिअरछाप प्रसंग दिले होते. चारही देशांत बहुतेकांनी ‘हे ज्ञान नव्हे’ असंच सांगितलं.

नीतीच्या प्रश्नांत पंडितांची आणखी पंचाईत होते. रुळांवरच्या पाच जणांना वाचवायला खटका ओढून गाडी एकाच्या अंगावर वळवावी का? किंवा त्यासाठी एकाला पुलावरून गाडीपुढे ढकलावं का? ढकलण्याचा प्रसंग आधी वाचला की खटक्याच्या प्रसंगाकडेही माणसं कठोरपणे पाहतात. श्विट्झगेबेल आणि कुशमन या संशोधकांनी २०१२ आणि २०१५ साली दाखवलं, की प्रशिक्षित तत्त्वज्ञही या क्रमाच्या खेळातून सुटत नाहीत. याच विषयात मुरलेले आणि थांबून विचार करा असं बजावलेले तत्त्वज्ञही सुटले नाहीत.

असं का होतं, ते मागाजवळ उभं राहिलं की कळतं. धोट्याच्या आवाजात जरा फरक पडला की मामांचा हात खटक्याकडे जातो. कुठेतरी धागा तुटलेला असतो. चुकलं तर चादर लगेच दाखवते, म्हणून हात आणि कान तयार होतात. तत्त्वज्ञाचा कौल चुकला हे लगेच दाखवणारं असं काही नसतं. टिमथी विल्यमसनसारखे तत्त्वज्ञ प्रशिक्षणाची बाजू लढवतात. मला मात्र वाटतं, प्रशिक्षणाने युक्तिवाद धारदार होतो. पहिला कौल तेवढाच कच्चा राहतो.

आपला पक्का कौल तपासणाऱ्या एका अधिकारी माणसाची माझी सर्वांत लाडकी कथा आता सांगतो. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले मोठे योगी. सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, देवळं आणि तळं उभारणं हेच त्यांचं व्रत. कन्नड ‘शून्यसंपादने’तल्या कथेनुसार तिथे आलेल्या शरण संत अल्लमप्रभूंनी काम करणाऱ्यांना विचारलं, तुमचा तो माती उपसणारा कुठे आहे? भक्त खवळले, त्यांनी दगड उचलले. स्वतः सिद्धराम संतापून आले. मग सुरू झाला वाद: तळं बांधलं म्हणजे मुक्ती मिळाली का? ज्याच्या शब्दाखातर गाव दगड उचलत होतं, त्यालाच आपली सगळ्यांत पक्की श्रद्धा तपासावी लागली. मला सिद्धराम सर्वांत मोठे वाटतात ते इथे. साधनेचा अधिकार पुढे करून ते सुटले नाहीत, प्रश्नाला सामोरे गेले आणि पुढे कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, गेले.

तिथल्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, धोबी मडिवाळ माचिदेव होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते. अल्लमप्रभूंसारख्या ज्ञान्यासोबत हे सगळे वचनं रचत, एकमेकांना हटकत. परंपरा सांगते, की सिद्धरामही पुढे या सभेच्या शून्यपीठावर, म्हणजे अध्यक्षपदावर, बसले. सिद्धरामांच्या संक्रांतीच्या गड्डा यात्रेला आपण लाखोंनी जमतो. ही बाजूही मुलांना सांगायला हवी.

माझा निवाडा असा: पहिल्या कौलाला पदवीमुळे जास्तीचं वजन देऊ नये. तत्त्वज्ञाची खरी कमाई म्हणजे भेद दाखवण्याची आणि उलटतपासणी करण्याची सवय. म्हणून पंडिताला ‘तुम्हाला काय वाटतं’ एवढंच विचारून थांबू नका, ‘का वाटतं’ तेही विचारा. आणि तोच प्रश्न मागावरच्या माणसालाही तितक्याच आदराने विचारा.