आकाशातील बांध

शेजारच्या मळ्यातून जाणारी पायवाट आपणां सर्वांच्या परिचयाची असते. मळेवाल्याशी वितुष्ट आले की तो बांधावर काटे पसरतो, आणि हाकेच्या अंतरावरील घरी जाण्यासही साऱ्या शिवाराला वळसा घालावा लागतो. आकाशातही असेच घडते असे आम्ही म्हटले, तर वाचकांस नवल वाटेल.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो येथील विमानतळांमध्ये सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. ही सरळ वाट सपाट नकाशावर नीट कळत नाही. शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. दोरा प्रथम ईशान्येस वर चढतो, सैबेरियाच्या थंड मुलखावरून जातो आणि मग जपानकडे उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट होय. परंतु तिचा बहुतेक भाग रशियाच्या भूमीवरून जातो; आणि आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राचीच सत्ता असते, हे १९४४ सालच्या शिकागो येथील कराराने मान्य केलेले आहे.

शीतयुद्धाच्या काळात हे आकाश पश्चिमेकडील विमानांना सहसा मोकळे नसे. जपानला जाणारी कित्येक विमाने अलास्कातील अँकरेज येथे इंधनासाठी उतरत. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने सोव्हिएत हद्द टाळून, थेट उत्तर ध्रुवावरून, वाटेत कोठेही न थांबता टोकियोस जाणारी सेवा सुरू केली. प्रवासास सुमारे तेरा तास लागत. पुढे सैबेरियाची वाट खुली झाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय राष्ट्रांनी रशियाच्या विमानांस आपले आकाश बंद केले. रशियानेही तसेच उत्तर दिले. मार्च २०२२ मध्ये फिनएअरचे विमान पुन्हा उत्तर ध्रुवावरून टोकियोस निघाले. ७,८०० किलोमीटरची वाट जवळजवळ १३,००० किलोमीटरची झाली, आणि तास पुन्हा तेरा! ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांच्या हाती पडे. कौतुकाची गोष्ट खरी. पण जादा जळालेल्या इंधनाचा आणि वाढलेल्या तासांचा भार कोणास तरी सोसावाच लागतो.

आपल्या देशालाही याचा अनुभव आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, भारतानेही पाकिस्तानी विमानांस तेच केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. म्हाताऱ्या आईच्या भेटीस निघालेल्या लेकाचा भांडणाशी काय संबंध? तरी उशीर त्यालाच.

पृथ्वीच्या गोलावरील दोरा १९८३ साली जेवढा होता तेवढाच आजही आहे. वाट लांबते ती माणसांच्या अबोल्यामुळे. बांधावरचे काटे ज्याने पसरले त्यालाही परतताना तोच वळसा पडतो, हे आपल्या गावच्या वडीलधाऱ्यांना केव्हाच ठाऊक आहे.