चांगीच्या गोधड्या

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. शेकडो युरोपीय स्त्रिया आणि मुलं चांगीच्या तुरुंगात डांबली गेली. अनेकींचे नवरे त्याच तुरुंगात, पण भिंतीपलीकडे! कॅनडाच्या एथेल मलव्हनी यांनी युक्ती काढली: जखमींसाठी गोधड्या शिवू. प्रत्येकीने छोट्याशा चौकोनावर स्वतःचं काहीतरी भरायचं, बहुतेकींनी नावही टाकलं. एका गोधडीत असे ६६ चौकोन. कुणी फुलं भरली, कुणी चक्क कोठडी. गोधडी इस्पितळात पोचली की नाव वाचून नवऱ्याला कळणार, ही जिवंत आहे! ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश जखमींसाठी एकेक गोधडी झाली, आणि जपान्यांची हरकत राहू नये म्हणून एक जपानी जखमींच्या नावानेही शिवली. मला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं. ही जपानी आणि ऑस्ट्रेलियन गोधडी आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे, ब्रिटिश गोधडी ब्रिटिश रेड क्रॉसकडे. फोटो जरूर शोधून पाहा, एकेक टाका निरखून!