कान पिळायच्या आधी

लग्नातला सगळ्यात अवघड फोटो कोणता, असं कुणी विचारलं की लोकांना वाटतं मी अंतरपाटाचं नाव घेईन. तो अवघड आहेच. पण खरा कस लागतो तो सूनमुखाच्या वेळी. सासू नव्या सुनेला जवळ बसवून घेते, हातात आरसा धरते आणि दोघी एकाच आरशात बघतात. विधी जेमतेम मिनिटाचा, भोवती दोन्हीकडच्या बायकांचं कडं, आणि फोटो हवा असतो तो आरशातल्या चेहऱ्यांचा.

इथं कॅमेरा फसतो. आरशाची चौकट, तिच्यावरची नक्षी, काचेवर उमटलेलं हळदीचं बोट, हे सगळं त्याला चेहऱ्याआधी दिसतं आणि तो तिथंच फोकस धरून मोकळा होतो. चेहरा मात्र काचेवर नसतो. कॅमेऱ्यापासून काच आणि काचेपासून चेहरा, ही दोन्ही अंतरं मिळून जेवढी होतील तेवढ्या लांब तो असतो. म्हणून मी फोकसचा ठिपका हातानं आरशातल्या सुनेच्या डोळ्यावर नेते, अॅपर्चर ५.६ पर्यंत आवळते म्हणजे दोघीही स्पष्ट येतात, आणि फ्लॅश बंद करते. समोर उभं राहून उपयोग नाही, तिथून आरशाची पाठच दिसते. अगदी मागं उभी राहिले तर आरशात मीच दिसते. सासूबाईंच्या खांद्यामागून, जरा वरून, जरा तिरकं, एवढीच एक जागा उरते आणि ती आधी धरून ठेवावी लागते.

कराडजवळच्या एका लग्नात ती जागा मला मिळाली होती. सासूबाईंचं कुंकू घामानं फिसकटलं होतं. सुनेनं ते आरशात पाहिलं आणि नीट करायला बोट उचललं. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळं बोट आधी भलत्याच बाजूला गेलं, मग परत आलं. दोघी एकदम हसल्या. तोवर त्यांच्यात फारसं बोलणंही झालेलं नसावं. तो फोटो काढल्यावर पुढचा तासभर माझे पाय दुखत नव्हते.

सातारा, कोरेगाव, वाई, कराड या पट्ट्यात मी लग्नं करते. कॅमेऱ्याची माहिती वर्षभरात येते. लग्नाची माहिती यायला फार वेळ लागतो, आणि माझं ठाम मत आहे की या धंद्यात दुसरी माहितीच महत्त्वाची. कोण रडणार, कोण हसणार, कुणाचा हात कुणाकडं जाणार, हे अर्धा सेकंद आधी कळलं तरच बोट वेळेवर दाबलं जातं. म्हणून मांडवात पोचल्यावर मी आधी गुरुजींकडं जाते. लाजाहोम कुठल्या बाजूला तोंड करून आहे, अंतरपाट कोण धरणार, कोणत्या बाजूनं ओढणार, विधी आधी की अक्षता आधी, हे विचारून घेते. काही घरांत विधी सकाळीच उरकतात आणि दुपारी फक्त अक्षता. काहींत अक्षता पडल्यावर निवांत होम चालतो. एक गुरुजी तर आता मला पाहिलं की आपणहून सांगतात, ‘सप्तपदीला धूर तुझ्याकडं येणार बघ, पलीकडं जा.’ असा एक माणूस मांडवात असला की निम्मं काम झालं म्हणून समजावं.

अक्षतांचा हिशोब मात्र गुरुजी सांगू शकत नाहीत. दाणा हवेत थांबलेला दिसायला शटर १/५०० च्या आसपास हवं. पण हल्ली स्टेजवर एलईडीच्या माळा आणि फोकस असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर जलद ठेवलं की नवरीच्या शालूवर काळे आडवे पट्टे येतात. १/१०० ठेवलं तर पट्टे जातात, पण अक्षता पुसट होतात. यातून वाट काढायची ती फ्लॅशनं. शटर १/१०० वरच राहू द्यायचं आणि दाणा थांबवायचं काम फ्लॅशवर सोपवायचं, कारण फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागातही संपू शकतो. तो शटर मिटायच्या ऐन आधी उडेल असं लावलं तर प्रत्येक दाणा लख्ख येतो आणि त्याच्यामागं स्टेजच्या दिव्याची बारीक रेघ राहते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते चित्र मोठं करकरून पाहिलं. तांदळाच्या दाण्याला लागलेलं कुंकूसुद्धा दिसत होतं.

मांडवाचं कापड ही दुसरी कटकट. गुलाबी कापडाखाली सगळे चेहरे गुलाबी, पिवळ्याखाली सगळ्यांना कावीळ. फ्लॅश वर उडवावा तर तोही कापडाचाच रंग घेऊन खाली येतो. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला बाहेरून निळा उजेड, आतून हॅलोजनचा तांबूस, आणि नवरा-नवरी बरोबर मधे उभे. अशा वेळी मी नवरीच्या मावशीच्या हातात पांढरा कागद देते, त्यावरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते सांगते आणि मग कामाला लागते. मावशी तो कागद पुढं बराच वेळ जपून धरून ठेवतात.

नवरीच्या खोलीत मला शिरता येतं, हा माझा मोठा फायदा. तिथं उजेड एकाच खिडकीतून येतो आणि खोलीतला पसारा फ्रेममधून टाळता टाळता पुरेवाट होते. पण तिथले फोटो मला सगळ्यात आवडतात. नऊवारीचा काष्टा बसत नसतो, नथ टोचत असते, ब्लाउजचा हुक तुटलेला असतो. माझ्या बॅगेत बॅटऱ्यांच्या शेजारी सेफ्टीपिनांचा डबा असतो. पिन मागायला कुणी आली की तिच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण गेलेलं असतं, मग पुढं ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. आज्यांना मी तिथंच गाठते. खिडकीशी खुर्ची, डोक्यावर पदर, एकटीचा फोटो. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक मी शिकत असताना स्टुडिओत पडलेलं असायचं. त्यातले लोक नामांकित, पण चेहऱ्यावर मऊ उजेड कसा उतरतो हे बघायचं तर आजीच्या सुरकुत्यांवरही तेच लागू पडतं. हे फोटो ऑर्डरमध्ये कुणी लिहून देत नाही. वर्ष-दोन वर्षांनी घरातून फोन येतो, ‘ताई, आजीचा तो खुर्चीतला आहे का हो?’ तेव्हा तो असलाच पाहिजे, म्हणून मी तो काढतेच.

मे महिन्यात तारखा दाट आणि वळवाचा भरवसा नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका गोरज मुहूर्ताला मंगलाष्टकांच्या आधी वारं सुटलं. मांडवाचं कापड फुगलं, माझा लाइट स्टँड आडवा झाला, सॉफ्टबॉक्स शेजारच्या उसात गेला. वीज गेली. जनरेटर भिजला. पोरांनी नवरा-नवरीला ताडपत्रीखाली धरून मारुतीच्या देवळात नेलं आणि लग्न सभामंडपात लावायचं ठरलं. अंधार इतका की कॅमेऱ्याला फोकस धरायला काही दिसेना. मग कुणाला तरी सुचलं आणि ट्रॅक्टर देवळासमोर आणून दिवे लावले. ते दिवे पावसातून सरळ सभामंडपात येत होते. मी आत, गाभाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले, आयएसओ ६४०० केला आणि थेट उजेडाकडं तोंड करून फोटो काढले. माणसांच्या कडा उजळलेल्या, मागं पावसाच्या रेघा, मधून अक्षता. दगडी खांबांवरचं पाणीसुद्धा चमकत होतं. ग्रेन भरपूर आहे. मला तो तसाच आवडतो आणि नवरीच्या घरातही तोच मोठा करून लावलाय. सॉफ्टबॉक्स दुसऱ्या दिवशी सापडला, त्याची एक कांडी मोडली होती.

मांडवातल्या कुणाला कळत नाहीत असेही अपघात असतात. वरात ऐन रंगात असताना कॅमेऱ्यानं एकदा कार्ड वाचता येत नाही म्हणून सांगितलं. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीवर उतरतो, ही सोय ज्यांनी केली त्यांचे उपकार आहेत. घरी आल्यावर कितीही रात्र झाली तरी दोन हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय मी झोपत नाही, आणि एक प्रत भावाच्या घरी ठेवते. लग्न पुन्हा लावता येत नाही.

कानपिळी हा माझा आवडता विधी. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. लोक कान पिळतानाचा फोटो काढतात. मला त्याच्या आधीचा हवा असतो, भावाचा हात उठलाय आणि नवरदेवाला ते कळलंय तो. साताऱ्याच्या बाजूला घराघरांत जवान आहेत, अपशिंग्यासारखं गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. अशाच एका घरच्या लग्नात नवरीच्या सख्ख्या भावाला रजा मिळाली नव्हती. तो व्हिडिओ कॉलवर होता. आतेभावानं फोन उंच धरला होता, कान पिळायला सहा-सात वर्षांचा चुलतभाऊ पुढं केला होता, आणि फोनमधून वर्दीतला दादा ओरडत होता, ‘जोरात पीळ, माझ्या वाटचा पण पीळ!’

फोनचा पडदा आणि मांडव एका फोटोत आणणं सोपं नसतं. मांडवाचा हिशोब धरला तर पडद्यावरचा चेहरा पांढराफटक पडतो. मी आतेभावाला पडद्याचा उजेड निम्म्यावर आणायला सांगितलं आणि फोन नवरदेवाच्या खांद्याच्या रेषेत धरायला लावला, म्हणजे दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आले. पोरगं घाबरून हात मागं घेत होतं. नवरदेवानंच वाकून कान पुढं केला. तिथं मी बोट दाबलं. नवरी एकीकडं, सगळ्यांकडं पाठ करून फोनकडं बघत होती. तिचा फोटो लांबच्या लेन्सनं माझ्या जोडीदारानं घेतला.

आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तारखा नसतात. ते दिवस आल्बमचे, दुरुस्तीचे आणि बुरशीशी भांडणाचे. पावसाळी दमटपणात लेन्सच्या आत पांढरी जाळी धरते आणि एकदा काचेवरचा लेप खाल्ला की ती काच पूर्ववत होत नाही. घट्ट झाकणाचे डबे, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा सगळ्या लेन्स बाहेर काढून वापरणं, एवढं केलं तर निभतं. खंडेनवमीला याच लेन्सना फुलं वाहते.

तो जवान गणपतीच्या रजेवर आला तेव्हा स्टुडिओत आला. आल्बम अजून छापायला जायचा होता. मी मोठ्या स्क्रीनवर सगळं लग्न लावून दिलं. त्यानं काही पुढं ढकलू दिलं नाही. हळद, रुखवत, पंगत, सगळं पाहिलं, मुलाकडच्या एकेकाचं नातं विचारून घेतलं. कानपिळीला हसला. बहिणीच्या त्या एका फोटोला थांबवा म्हणाला, बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, ‘हा बारा बाय अठराचा करता येईल? एक आईला आणि एक मला, माझा जरा लहान, पेटीत मावेल असा.’ माप घ्यायला मी टेप काढली, तर त्याला पेटीचं माप तोंडपाठ होतं.