जनुकाचा मालक कोण?

धडधाकट दिसणारे मूल धावता धावता कोसळते आणि घरचे म्हणतात, फिट आली. पुष्कळदा डॉक्टरांचाही समज तोच होतो. परंतु अशा मूर्च्छेचे मूळ मेंदूत नसून हृदयात असू शकते. १९५७ साली येर्वेल आणि लांगे-नीलसन या डॉक्टरांनी नॉर्वेतील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती, त्यांना मूर्च्छा येई, आणि त्यांतील तिघे बालपणीच अकस्मात दगावली. त्यांच्या इसीजीत ‘क्यूटी’ नावाचे अंतर लांबलेले आढळले. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विद्युत्‌दृष्ट्या पूर्ववत व्हाव्या लागतात. तेथे विलंब झाला की धावपळीने वा नुसत्या दचकण्यानेही ताल बिघडून प्राणावर बेतते. बहिरेपणाविना आढळणारा या विकाराचा प्रकार अधिक प्रचलित असून तो आई-बापांपैकी एकाकडूनही मुलात उतरतो.

या दोषाचा माग काढण्यासाठी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्क कीटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पीडित असलेल्या कुटुंबांचे रक्त तपासले. १९९१ साली शोध अकराव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचला आणि १९९५-९६ मध्ये पोटॅशियम व सोडियम यांची पेशीतील ये-जा सांभाळणारी जनुके हाती लागली. रक्त रुग्णांचे, पैसा बराचसा सरकारी. पेटंटे मात्र विद्यापीठाची, आणि वापराचा हक्क एकाच कंपनीला! तिने इतरांच्या चाचण्या थांबवल्या; स्वतःची चाचणी मात्र तयार नव्हती. परिणामी २००२ नंतर सुमारे दोन वर्षे अमेरिकेच्या बाजारात ही चाचणीच मिळेना. २००४ मध्ये हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर ती आली, तेव्हा किंमत होती सुमारे ५,४०० डॉलर.

मक्तेदार पुरवठा आखडून किंमत चढवतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे तर पुरवठा शून्यावर आला. पेटंटाविना संशोधनात पैसा कोण घालील, हा प्रश्न नव्या औषधाबाबत रास्त आहे. परंतु निसर्गात असलेले जनुक कोणी घडवलेले नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या खटल्यात, हेच मान्य केले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही निसर्गातील पदार्थाचा नुसता शोध ‘इन्व्हेन्शन’ ठरत नाही.

इसीजी स्वस्त आहे. प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्याही अनेकांना वाचवतात. पण दोष असूनही काहींचा इसीजी निर्दोष दिसतो. मूल गमावलेल्या घरात उरलेल्या भावंडांपैकी गोळी कोणाला द्यायची, हे तेव्हा जनुकचाचणीच सांगू शकते.